पाचगणीच्या शाळेतला फरोख बुलसारा

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातील जुन्या मराठी घरांना गाण्याचे वेड नवे नाही. कोणाच्या माळ्यावर चावीचा ग्रामोफोन अद्याप आहे, कोणाच्या देवघराशेजारी पेटी झाकून ठेवलेली आहे. नाट्यपदांच्या तबकड्या ऐकत ज्यांची पिढी वाढली, त्यांना घरातील तरुणांचे आजचे गाणे मात्र सोसवत नाही. त्यातही ‘हेवी मेटल’ म्हणून जो प्रकार आहे, तो लागला की वडीलधारी मंडळी दार लावून घेतात. नावच मुळी जड धातूचे. तेव्हा गाण्याऐवजी भांड्यांचा कारखाना ऐकू येणार, अशी त्यांची समजूत असते.

ही समजूत अगदीच चुकीची नाही. परंतु ज्या गावाचे दिवस आणि रात्री यंत्रमागांच्या खटखटीत जातात, त्या गावाने तरी ह्या संगीताला केवळ गोंगाट म्हणून निकालात काढू नये. ह्या गाण्याच्या पहिल्या थोर दशकात, म्हणजे 1970 ते 1980 च्या दरम्यान, ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या त्यांतील काहींवर आपल्या साताऱ्याजवळच्या पाचगणीत शिकलेल्या एका पारशी मुलाचा आवाज आहे, हे कळले म्हणजे वडील मंडळींचेही दार थोडे किलकिले होण्यास हरकत नसावी. जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. त्याचे जन्मनाव फरोख बुलसारा.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी हा प्रकार जन्मला कसा, ते थोडक्यात पाहू. इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे टोनी आयोमी नावाचा तरुण पत्र्याच्या कारखान्यात काम करी. वयाच्या 17 व्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा ह्याच बोटांनी दाबावयाच्या होत्या. त्याने बोटांसाठी टोपणे तयार केली, तारा सैल केल्या आणि पुढे वाद्य खालच्या सुरात लावून घेतले. त्यातून जो खर्जातला, जड आणि काहीसा भयप्रद नाद निघाला, तो त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या चमूच्या 13 फेब्रुवारी 1970 रोजी निघालेल्या पहिल्या तबकडीत ऐकू येतो. त्याच वर्षी त्यांची ‘पॅरानॉइड’ आणि ‘डीप पर्पल’ ह्या चमूची ‘इन रॉक’ निघाली. 1971 मध्ये ‘लेड झेपेलिन’ची चौथी तबकडी, 1972 मध्ये डीप पर्पलची ‘मशीन हेड’. ह्या गाण्यात चार-सहा स्वरांची एक आकृती गिटारवर पुन:पुन्हा वाजते आणि तिच्यावर सारी इमारत उभी राहते. तबल्याच्या एकल वादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात, त्याची आठवण व्हावी. फरक एवढाच की लेहरा तबल्याची सेवा करतो. येथे मात्र लेहराच धनी असतो.

फरोखचा जन्म 5 सप्टेंबर 1946 रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर झाला. वडील बोमी आणि आई जेर हे दोघेही गुजरातेतून तिकडे गेलेल्या पारशी समाजातले. बुलसारा हे आडनाव बुलसार गावावरून पडलेले. त्या गावास आज आपण वलसाड म्हणतो. बोमी हे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, तेथील उच्च न्यायालयात रोखपाल होते. घर सुखवस्तू व धर्मनिष्ठ. मुलाच्या तोंडात जन्मतःच चार दात अधिक होते, त्यामुळे समोरचे दात पुढे आलेले. पोरे चिडवीत. तो हसताना ओठांनी किंवा हाताने दात झाकी, आणि ही सवय जन्मभर राहिली. पुढे हाताशी पैसा आला तरी त्याने ते दात काढून घेतले नाहीत; आवाजाची ठेवण बदलेल अशी त्याला भीती होती.

वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला समुद्रापार पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. त्या काळी परदेशी स्थायिक झालेल्या अनेक भारतीय कुटुंबांची अशीच रीत होती. शिक्षण चांगले व्हावे, वळण लागावे, म्हणून काळजावर दगड ठेवून मूल दूर ठेवावयाचे. पाचगणी हे सह्याद्रीच्या माथ्यावरचे, कृष्णेच्या खोऱ्याकडे पाहणारे थंड हवेचे गाव. पावसाळ्यात धुके इतके की दहा हातांवरचे दिसू नये. झांझिबारच्या उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या आठ वर्षांच्या मुलाला तेथील पहिली रात्र कशी गेली असेल, ह्याची कल्पना ज्यांनी आपली मुले वसतिगृहात ठेवली आहेत त्यांना सहज येईल. सुट्टीतही दर वेळी घरी जाणे शक्य नसे. मग मुंबईला नातेवाइकांकडे दिवस काढावयाचे.

शाळेने त्याला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे नाव. सोबत्यांनी फरोखचा फ्रेडी केला, आणि पुढे घरच्यांनीही तेच नाव उचलले. दुसरी म्हणजे पियानो. मुलाच्या बोटांत काही आहे हे शाळेच्या प्रमुखांच्या ध्यानात आले व त्यांनी आईवडिलांना पत्र पाठवून, थोडी अधिक फी भरून त्याला रीतसर शिकवणी द्यावी असे सुचविले. आईवडिलांनी होकार दिला. पियानोच्या परीक्षांत तो चौथ्या श्रेणीपर्यंत पोहोचला. टेबल टेनिसमध्ये तो तरबेज होता, मुष्टियुद्धातही उतरे आणि शाळेच्या नाटकांतून कामे करी. बारा वर्षांचा असताना चार सोबत्यांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. गंमत अशी की त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी मागे पियानोवर बसे. पुढे ज्याच्या एका हाकेला सत्तर हजार माणसे ओ देणार होती, तो पाचगणीच्या शाळकरी रंगमंचावर साथीदार होता.

1963 मध्ये तो झांझिबारला परतला. त्या वर्षाच्या डिसेंबरात बेट स्वतंत्र झाले आणि महिनाभरातच, 12 जानेवारी 1964 रोजी, तेथे क्रांती झाली. अरब आणि भारतीय वस्त्यांत रक्तपात झाला. हजारो माणसे मारली गेली. बुलसारा कुटुंबाने हाती लागेल ते सामान घेऊन बेट सोडले व लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथे एका लहानशा घरात बिऱ्हाड थाटले. फ्रेडी तेव्हा 17 वर्षांचा होता. ज्या घरी परतण्यासाठी त्याने पाचगणीत आठ वर्षे दिवस मोजले, ते घर एका वर्षात नाहीसे झाले. त्याच्या पुढच्या गाण्यांत कल्पित राज्ये, राण्या, राक्षस आणि सात समुद्र ह्यांची जी रेलचेल आहे, तिचे मूळ शोधावयाचे तर ह्या दोन वर्षांपासून शोधावे, असे मला वाटते.

लंडनमध्ये त्याने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून 1969 मध्ये आलेखनकलेची पदविका घेतली. विमानतळावर सामान उचलण्याचे काम केले. केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. दुकानात सोबतीला होता रॉजर टेलर. तो ‘स्माइल’ नावाच्या चमूत ड्रम वाजवी, आणि त्याच चमूत ब्रायन मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी गिटार वाजवी. मेची गिटार त्याने व त्याच्या वडिलांनी घरीच, एका जुन्या शेगडीच्या चौकटीचे लाकूड वापरून बनविलेली. 1970 मध्ये ‘स्माइल’चा गायक निघून गेला व त्या जागी फ्रेडी आला. चमूला ‘क्वीन’ हे नाव त्याने दिले, स्वतःचे आडनाव बदलून मर्क्युरी केले आणि चौघांच्या राशी घेऊन बोधचिन्ह रेखाटले: दोन सिंह, एक खेकडा, आणि कन्या राशीच्या स्वतःसाठी दोन पऱ्या. बेस गिटारवर जॉन डीकन 1971 मध्ये येऊन मिळाला आणि चौकडी पुरी झाली.

‘क्वीन’ ह्याच नावाची पहिली तबकडी 1973 च्या जुलैत निघाली. ती मुद्रित झाली ती लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत, इतर पैसेवाल्या गायकांचे काम नसे अशा अवेळी मिळालेल्या तासांत. 1974 च्या मार्चमध्ये ‘क्वीन दोन’ आली. तिच्या दोन बाजूंना त्यांनी पांढरी आणि काळी अशी नावे दिली, आणि काळ्या बाजूची सर्व गाणी एकट्या फ्रेडीची होती. जड गिटार, उंच चढत जाणारे कोरस आणि मध्येच पियानोची नाजूक सुरावट असे मिश्रण त्यापूर्वी फारसे कोणी केलेले नव्हते. ब्लॅक सॅबथने कारखान्याचा नाद गाण्यात आणला. फ्रेडीने त्या नादाला शाळेतला पियानो, कोरस आणि नाटकाचा पडदा जोडून दिला. पुढच्या काळात हेवी मेटलमध्ये जे भव्य, नाट्यमय वळण आले, त्याचा एक उगम ह्या काळ्या बाजूत आहे, असे म्हणता येते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात तिसरी तबकडी ‘शिअर हार्ट अटॅक’ आली. अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना ब्रायन मेला कावीळ झाली, तो परतला तो आणखी एक आजार घेऊन. उरलेल्या तिघांनी काम थांबविले नाही. गिटारसाठी जागा मोकळ्या ठेवून त्यांनी गाणी मुद्रित केली आणि मेने बरे झाल्यावर येऊन त्या भरल्या. ह्या तबकडीतील ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ हे गाणे जेमतेम सव्वादोन मिनिटांचे आहे. त्याचा वेग असा की शब्द एकमेकांच्या अंगावर आदळावेत. हेवी मेटलचा जो अतिवेगवान पंथ 1980 नंतर उदयास आला, त्याची चाहूल त्या गाण्यात सात-आठ वर्षे आधी लागते. अमेरिकेतील ‘मेटॅलिका’ ह्या चमूने 1990 मध्ये ते गाणे स्वतः मुद्रित केले आणि 1991 मध्ये त्यासाठी त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तेही मेटल ह्याच विभागातले.

1975 च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ ह्या तबकडीतील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे ज्याच्या कानावर पडले नाही असा तरुण विरळा. त्याची लांबी 5 मिनिटे 55 सेकंद. रेडिओवाले इतके लांब गाणे वाजविणार नाहीत, असे जाणत्यांचे मत होते. त्यात आधी शोकगीत, मग ऑपेरा, मग जड गिटारचा कडकडाट आणि शेवटी पुन्हा शांतता, असा क्रम आहे. ऑपेराच्या भागात मोठा गायकवृंद गातो आहे असे वाटते. प्रत्यक्षात तेथे फ्रेडी, मे आणि टेलर असे तिघेच आहेत. त्यांनी तोच तो भाग पुन:पुन्हा गाऊन 24 पट्ट्यांच्या फितीवर थरावर थर चढविले. ह्या एवढ्या भागाला सुमारे तीन आठवडे लागले, आणि फीत इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली. तीन माणसांनी मिळून शंभरांचे भजनी मंडळ उभे करावे, तसा हा उद्योग होता. इंग्लंडात ते गाणे सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या ऑपेरात इटालियन नावांच्या गर्दीत मध्येच ‘बिस्मिल्ला’ हा शब्द येतो. इंग्रज श्रोत्यांना तो कोठून आला हे कळेना. ज्यांच्या गावच्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरलेला आहे, त्या बुऱ्हाणपूरकरांना त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. झांझिबारच्या गल्ल्यांत बांग ऐकत, घरी अवेस्तातील प्रार्थना म्हणत आणि पाचगणीत ख्रिस्ती शाळेत शिकत जो वाढला, त्याच्या कानात ह्या सगळ्या भाषा एकत्र नांदत होत्या.

पुढे क्वीनने जड गाणे हळूहळू मागे टाकले. 1977 च्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मधील पाय आपटून आणि टाळ्या वाजवून म्हणावयाचे गाणे आज आपल्याकडील क्रिकेटच्या मैदानांवरही ऐकू येते. आपल्या तबकड्यांच्या वेष्टनांवर विजेवर चालणारे कृत्रिम स्वरयंत्र वापरलेले नाही असे अभिमानाने छापणाऱ्या ह्या चमूने 1980 मध्ये ते यंत्रही स्वीकारले. जुने भक्त नाराज झाले. परंतु 13 जुलै 1985 रोजी, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेंब्ली मैदानावर झालेल्या जलशात क्वीनला मिळालेल्या सुमारे 21 मिनिटांत फ्रेडीने सत्तर हजारांवर लोकांकडून जे गाऊन घेतले, ते पाहून नाराजांनीही हात जोडले. त्याने एक तान घ्यावी आणि मैदानाने ती परत करावी. कीर्तनकार श्रोत्यांकडून नामगजर करवून घेतो, त्याहून ही विद्या फार वेगळी नव्हे.

आता जो भाग सांगावयाचा तो अशा चरित्रांत बहुधा गाळला जातो. तो गाळला तर हे चरित्र खोटे ठरेल. मेरी ऑस्टिन ही तरुणी सुमारे सहा वर्षे फ्रेडीची सहचरी होती. आपला ओढा पुरुषांकडे आहे हे त्याने तिला सांगितले तेव्हा ते नाते संपले, पण स्नेह मरेपर्यंत टिकला. अखेरच्या वर्षांत जिम हटन हा त्याचा सोबती होता. ह्यांतले काहीही फ्रेडीने चारचौघांत स्पष्ट बोलून दाखविले नाही. इंग्लंडच्या कायद्याने 1967 मध्ये अशा संबंधांवरील शिक्षा अंशतः दूर केली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तेच 6 सप्टेंबर 2018 रोजी केले. पण कायदा बदलला म्हणून घर बदलते असे नाही. आईवडील अग्यारीत जाणारे, मर्यादशील. त्यांच्यासमोर जो विषय निघत नसे तो जगासमोर कसा निघावा? घरची गोष्ट घरात राहावी ही शिकवण जुन्या घराण्यांना सांगावी लागत नाही. त्या शिकवणीने घराची अब्रू राखली जाते हे खरे. परंतु तिची किंमत घरातील कोणी एक जण एकट्याने मोजीत असतो, हेही तितकेच खरे.

1987 मध्ये त्याला एड्सची बाधा असल्याचे निदान झाले. त्या वेळी ह्या रोगावर गुणकारी औषध नव्हते आणि रोग्याची निंदा मात्र सर्वत्र होत होती. त्याने जवळच्या मोजक्या माणसांना सांगितले आणि कामाला जुंपून घेतले. 1988 मध्ये स्पेनची थोर ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये हिच्याबरोबरची ‘बार्सिलोना’ ही तबकडी निघाली. 1991 च्या फेब्रुवारीत क्वीनची ‘इन्युएंडो’ आली. तिच्या शीर्षकगीतात जुना जडपणा आणि भव्यता पुन्हा अवतरली. शक्ती झपाट्याने जात होती, तरी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील आपल्या स्टुडिओत तो उभ्या उभ्या व्होडकाचा घोट घेऊन सूर लावीत राहिला. आवाज अखेरपर्यंत शाबूत होता. माँत्रो हे तेच सरोवराकाठचे गाव, जेथे डीप पर्पलने ‘मशीन हेड’ मुद्रित केली होती. आज तेथे पाण्याकडे तोंड करून फ्रेडीचा पुतळा उभा आहे.

23 नोव्हेंबर 1991 रोजी त्याने आपल्या आजाराची जाहीर कबुली दिली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी लंडनमधील राहत्या घरी त्याचा अंत झाला. वय अवघे 45. ह्याच रोगाने त्या वर्षांत हजारो अनाम माणसे गेली होती. एवढ्या मोठ्या नावाने रोगाचे नाव उच्चारल्यावर पुष्कळ घरांतले मौन सुटले. ती कबुली आधी द्यावयास हवी होती असे काहींनी म्हटले. मरणाऱ्या माणसाकडून आणखी किती मागावे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. तीन दिवसांनी, पारशी मोबेदांनी अवेस्तातील प्रार्थना म्हटल्यावर, त्याच्या देहाला अग्नी दिला गेला. नाव बदललेला, दूर गेलेला मुलगा शेवटच्या तासापुरता पुन्हा आईवडिलांचा फरोख झाला.

20 एप्रिल 1992 रोजी त्याच वेंब्ली मैदानावर त्याच्या स्मरणार्थ जलसा झाला. मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ गाण्यास उभा राहिला आणि त्याच्या साथीला गिटार घेऊन उभा होता तो टोनी आयोमी, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात बोटांची टोके गमावलेला. जड गाण्याचा पहिला पुरुष आणि नव्या पिढीचा म्होरक्या एकाच रंगमंचावर येऊन पाचगणीच्या त्या मुलाला मानवंदना देत होते. त्या जलशाच्या उत्पन्नातून ‘मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला व एड्सविरोधी कार्यासाठी जगभर मदत देऊ लागला.

त्याची रक्षा मेरी ऑस्टिनकडे सोपविली गेली. तिने ती कोठे ठेवली ते जगाला सांगितले नाही. समाधी नाही, त्यामुळे चाहते कधी झांझिबारला, कधी माँत्रोला, तर कधी पाचगणीच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहतात. फ्रेडी असताना क्वीनचा कार्यक्रम भारतात कधीच झाला नाही. मग त्याला आपला म्हणण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

इतवाऱ्यातून तापीकडे गेले की पलीकडच्या तीरावर झैनाबादची बाग आहे. 1631 च्या जूनमध्ये मुमताजमहल बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिचा देह तेथे ठेवला होता. सहा महिन्यांनी तो आग्र्यास नेला आणि जगाला ताजमहाल मिळाला. ताजमहालावर बुऱ्हाणपूरने कधी हक्क सांगितला नाही, पण ते सहा महिने गाव विसरलेले नाही. पाचगणीचे नाते असेच मानावे. तेथे एक मूल आठ वर्षे राहिले, घरासाठी झुरले, आणि झुरता झुरता पियानोवर बसण्यास शिकले. पुढच्या खेपेस घरातील तरुणाने ती तबकडी लावली, तर वडील मंडळींनी दार लगेच लावून घेऊ नये. निदान पियानो येईपर्यंत थांबावे.